बोलणं थोडं, बघणं जास्त: क्लिनिकल कौशल्यं शिकवायला नव्यानेच लागलेल्यांसाठी

पदव्युत्तर शिक्षण संपवून शिकवायच्या जागेवर रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात एक बॅच अंगावर येते. कसं शिकवायचं हे कुणी सांगत नाही. आपल्याला जसं शिकवलं गेलं तसं आपण शिकवू लागतो. म्हणजे साधारण असं: एक विद्यार्थी केस प्रेझेंट करतोय, बाकीचे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे आहेत, शिक्षक मध्येच थांबवून क्लबिंगची (बोटांची टोकं फुगण्याची) कारणं विचारतात, त्या कारणांच्या यादीत अर्धा तास जातो, आणि पेशंटच्या बोटांकडे मात्र कुणीच बघितलेलं नसतं.

या पद्धतीत ज्ञान भरपूर तपासलं जातं. कौशल्य तपासलं जात नाही. विद्यार्थी म्हणतो, "सर, लिव्हर दोन बोटं लागतंय." आपण हात ठेवतो, लागलं तर "बरोबर" म्हणतो, नाही लागलं तर "परत बघ" म्हणतो. त्याने हात कुठून सुरू केला, कधी हलवला, की सरळ केसपेपरवरचं वाचून सांगितलं, हे आपल्याला ठाऊकच नसतं. उत्तर बरोबर आणि पद्धत चुकीची, असे विद्यार्थी पास होत होत इंटर्नशिपपर्यंत पोचतात. म्हणून खाली जे लिहिलंय त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: विद्यार्थी तपासत असताना तुम्ही त्याला बघत असलं पाहिजे. बाकीची सगळी मांडणी त्यासाठी वेळ काढण्याची आहे.

1. एका सत्रात एकच कौशल्य घ्या

"आज श्वसनसंस्था करू" हे उद्दिष्ट नव्हे. "पाठीवरून छातीचं पर्कशन (बोटाने ठोकून आवाज ऐकणं), डावी-उजवी तुलना करत, प्रत्येकाने करून दाखवायचं" हे उद्दिष्ट. फरक असा, की दुसऱ्या वाक्यात सत्र संपल्यावर काय झालं असलं पाहिजे ते डोळ्यांनी दिसतं.

1990 साली जॉर्ज मिलर यांनी मांडलेला पिरॅमिड इथे कामाचा आहे. तळाशी "माहीत आहे", त्यावर "कसं करायचं ते माहीत आहे", त्यावर "करून दाखवतो" आणि टोकाला "प्रत्यक्ष कामात करतो". आपला बहुतेक वेळ खालच्या दोन मजल्यांवरच सरतो. तिथलं विद्यार्थी वाचून येऊ शकतात. तिसऱ्या मजल्यासाठी मात्र त्यांना तुमची गरज असते.

आता अडचण अशी, की जे आपल्याला सहज येतं त्याचे टप्पे आपणच विसरलेले असतो. हात आपोआप चालतो. म्हणून शिकवण्याआधी एकदा कागद घेऊन बसा. सहकाऱ्याला तपासणी करायला लावा आणि तो काय काय करतो ते क्रमाने लिहा. लिव्हरचं पाल्पेशन (हाताने चाचपणं) घ्या:

पेशंट उताणा, डोक्याखाली एक उशी, पोट सैल पडावं म्हणून गरज पडल्यास गुडघे थोडे वाकवलेले. तपासणारा पेशंटच्या उजवीकडे, शक्यतो बसलेला किंवा वाकलेला, म्हणजे हात पोटाला समांतर राहतो. हात गरम. कुठे दुखतं ते आधी विचारायचं आणि ती जागा शेवटी तपासायची. सुरुवात उजव्या इलियाक फॉसापासून, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून. पेशंटला तोंडाने खोल श्वास घ्यायला सांगायचा. श्वास आत जात असताना हात स्थिर ठेवायचा आणि लिव्हरची कड खाली येऊन बोटांना भिडते का हे जाणायचं. श्वास सोडताना हात बोटभर वर न्यायचा. असं करत बरगड्यांच्या कडेपर्यंत. नजर सगळा वेळ पेशंटच्या चेहऱ्यावर.

हे लिहून काढलं की विद्यार्थी कुठे घसरतात ते लगेच दिसतं. बहुतेक जण बरगड्यांच्या लगेच खालून सुरुवात करतात. मग बेंबीच्या खाली गेलेलं मोठं लिव्हर सुटतं, कारण हात आधीपासून त्याच्यावरच ठेवलेला असतो आणि कड लागतच नाही. दुसरी चूक, श्वास आत जाताना हातही हलवणे. तिसरी, बोटांच्या टोकांनी टोचणे. पेशंट पोट कडक करतो आणि मग "गार्डिंग आहे" असं फाइंडिंग तयार होतं. लिव्हर लागलं तरी काम संपत नाही: वरची कड पर्कशनने शोधायची, कारण एम्फिसीमामध्ये फुगलेल्या फुप्फुसांनी खाली ढकललेलं लिव्हरसुद्धा हाताला लागतं. एवढं सगळं एका पाल्पेशनमध्ये आहे. एका सत्रात पूर्ण पोटाची तपासणी शिकवायला निघालो तर यातलं काहीच नीट होणार नाही.

2. पेशंटला आधी भेटा, एकटे

विद्यार्थ्यांची रांग मागे घेऊन जाऊन "यांनी तपासलं तर चालेल ना?" असं विचारणं म्हणजे परवानगी घेणं नव्हे. सहा पांढरे कोट समोर असताना नाही म्हणणं कुणालाही जड जातं. आदल्या दिवशी किंवा तासभर आधी एकट्याने जा. किती जण येतील, काय तपासतील, किती वेळ लागेल, हे सांगा. नाही म्हटलं तर उपचारात काडीचाही फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगा, आणि नकार आला तर मनापासून मान्य करा. मध्येच नको वाटलं तर थांबवता येईल हेही सांगून ठेवा. नाजूक तपासण्यांना वेगळी, स्पष्ट संमती आणि सोबत तिसरी व्यक्ती हवीच. भूल दिलेल्या पेशंटवर विद्यार्थ्यांना असली तपासणी आधी विचारल्याशिवाय करू देणं हे कुठल्याही कारणाने क्षम्य नाही.

पेशंट निवडताना फाइंडिंग किती दुर्मिळ आहे ते बघू नका. पहिल्या वर्षीच्या बॅचला नॉर्मल छाती, नॉर्मल पोट पुष्कळ दाखवा. नॉर्मल हृदयाचे आवाज पुरेसे ऐकलेले नसतील तर मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू येऊनही ओळखता येत नाही. धाप लागलेल्या, वेदनेत असलेल्या किंवा सकाळपासून दोन बॅचनी तपासलेल्या पेशंटला सोडा.

पलंगाजवळ काय बोलायचं नाही हे विद्यार्थ्यांशी आधीच बोलून घ्या. डिफरेन्शियल डायग्नोसिसमध्ये कॅन्सर हा शब्द सहज येतो, आणि पेशंटला तो पहिल्यांदा आपल्या तोंडून ऐकू येतो. असली चर्चा वॉर्डाबाहेर करा.

हात धुण्याबद्दल उपदेश करायची गरज नसते. तुम्ही पेशंटला हात लावण्याआधी हँडरब घेतला, तो 20 ते 30 सेकंद चोळला, स्टेथोचा डायफ्राम पुसला, की मागचे सगळे तेच करतात. तुम्ही नाही केलं तर तेही करत नाहीत, लेक्चर कितीही दिलेलं असो.

3. दाखवा, पण चार टप्प्यांत

नेहमीची रीत म्हणजे एकदा बडबडत दाखवायचं आणि "आता तू कर" म्हणायचं. त्यापेक्षा सर्जन रॉडनी पेटन यांच्या नावाने ओळखली जाणारी चार टप्प्यांची पद्धत वापरून बघा. पहिल्यांदा तुम्ही नेहमीच्या वेगाने, एक शब्दही न बोलता करायचं. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक गोष्ट का ते सांगत. तिसऱ्यांदा विद्यार्थी तोंडाने सांगेल तसं आणि तेवढंच तुम्ही करायचं. चौथ्यांदा विद्यार्थी बोलत बोलत स्वतः करेल.

यातला तिसरा टप्पा घाईत गाळला जातो, आणि माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं. विद्यार्थ्याला अजून हाताची काळजी नसते, फक्त क्रमाचा विचार करायचा असतो, आणि त्याच्या डोक्यात कुठे भोक आहे ते तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं.

बीपी घ्यायला शिकवण्याचं उदाहरण घेऊ. हे "सोपं" कौशल्य असल्यामुळे कुणी नीट शिकवत नाही. तिसऱ्या टप्प्यात विद्यार्थिनी सांगू लागते: "कफ बांधा." तुम्ही मुद्दाम बाहीवरूनच बांधायला घेता. ती थांबवते: "नाही, बाही वर करून." तुम्ही कफ कोपराच्या घडीवर सरकवता, ती गडबडते, मग आठवून म्हणते, "दोन-तीन सेंटिमीटर वर." पुढे ती म्हणते, "फुगवा." तुम्ही विचारता, "कितीपर्यंत?" ती म्हणते, "दोनशे." सापडलं भोक! रेडियल पल्स (मनगटातली नाडी) चाचपत फुगवायचं, नाडी लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडायची, थोडं थांबायचं आणि मग स्टेथो ठेवून त्या आकड्याच्या 30 वर न्यायचं, हा भाग तिच्या डोक्यात नव्हताच. ऑस्कल्टेटरी गॅप (आवाज मध्येच गायब होऊन खाली परत सुरू होणं) म्हणजे काय हे तिला लेखी परीक्षेत येतं. पण आधी नाडी चाचपणं हे त्या गॅपमध्ये फसू नये म्हणून असतं, हा धागा जुळलेला नव्हता. तो आत्ता जुळतो.

चौथ्या टप्प्यात तिच्या हाताकडे बघा. पेशंट पाच मिनिटं शांत बसलाय का, पाठीला टेका आहे का, पाय जमिनीवर आहेत का, दंड हृदयाच्या पातळीवर आहे का. ब्लॅडरची (कफमधल्या हवेच्या पिशवीची) लांबी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के आहे का. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. स्टेथोचं तोंड कफखाली खुपसलंय का (खुपसलेलं असतंच). आणि सगळ्यांत मुख्य, व्हॉल्व्ह. सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटरच्या वेगाने पारा किंवा काटा उतरायला हवा. नवखा अंगठा तो झपकन सोडतो आणि मग तोंडून 120/80 येतं. आकडा शून्याने संपला की वेग विचारा. ज्या आवाजांवर ही सगळी रीत उभी आहे ते कोरोत्कोव्ह यांनी 1905 साली वर्णन केले. एक शतक उलटून गेलं तरी अंगठ्याची घाई तशीच आहे.

यासाठी एक वस्तू जरूर मागवून घ्या: दोन जणांना एकाच वेळी ऐकता येतं असा शिकवण्याचा स्टेथो, एक तोंड आणि कानात घालायच्या दोन जोड्या. त्याने वाद मिटतात. विद्यार्थ्याने "आत्ता" म्हटलं तेव्हा तुम्हालाही आवाज आला की नाही, हे दोघांना लगेच कळतं. मर्मरसाठी तर त्याहून उपयोगी. सोबत विद्यार्थ्याचं दुसऱ्या हाताचं बोट मानेतल्या कॅरोटिड नाडीवर ठेवायला लावा, म्हणजे मर्मर सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना) की डायस्टोलमध्ये (सैल पडताना) हे त्याला अंदाजाने ठरवावं लागणार नाही. रेडियलवर नको, ती नाडी उशिरा लागते.

4. आता गप्प राहा

हा सगळ्यांत अवघड टप्पा. विद्यार्थी चाचपडतोय, आपल्याला घाई आहे, आणि आपला हात आपोआप पुढे जातो. आवरा. मनात दहा मोजा. बहुतेक वेळा सातपर्यंत त्याची चूक त्याला कळते, आणि स्वतः पकडलेली चूक त्याच्या लक्षात राहते.

मध्ये पडायचं ते तीनच कारणांनी: पेशंटला दुखतंय, पेशंटला धोका आहे, किंवा पेशंटचा संकोच होतोय. या तिन्हींत क्षणाचाही विलंब नको. इतर चुका शेवटी.

एकाला काम आणि पाच जण रिकामे, हा बेडसाइड क्लिनिकचा जुना रोग. उपाय साधा आहे. एकाने तपासायचं, दुसऱ्याने तुमच्या त्या टप्प्यांच्या कागदावर खुणा करत फक्त हात बघायचे, तिसऱ्याने पेशंटचा चेहरा बघायचा आणि कधी कपाळाला आठी पडली ते नंतर सांगायचं. मग अदलाबदल. सहापेक्षा जास्त जण असतील तर बॅच फोडा. दोन गट करून अर्ध्यांना मॅनिकिनवर किंवा एकमेकांवर सरावाला पाठवा. एकमेकांवर तपासणी करतानाही ज्याची-त्याची मर्जी विचारा. कुणाला कपडे काढणं नको असेल तर कारण विचारायचं नाही.

काही गोष्टी नुसत्या बघून कळत नाहीत, त्या हाताला कळवाव्या लागतात. पर्कशन त्यातलं. डाव्या हाताचं मधलं बोट घट्ट टेकलेलं, बाकीची बोटं उचललेली, ठोका उजव्या मनगटातून, आणि ठोकून झाल्यावर ठोकणारं बोट लगेच मागे. विद्यार्थी कोपरातून ठोकतात, आणि बोट तिथेच रेंगाळतं, त्यामुळे आवाज मरतो. त्याचं मनगट हातात धरून दोन-तीन ठोके मारून दाखवा. मग घरचा अभ्यास द्या: मांडीवर ठोकलं की डल, फुगवलेल्या गालावर ठोकलं की टिम्पॅनिक, स्वतःच्या छातीवर उजव्या कॉलरबोनखाली रेझोनंट. आठवडाभर हे केलेला विद्यार्थी पुढच्या सत्रात वेगळाच हात घेऊन येतो.

5. फीडबॅक: लगेच, थोडा, नेमका

"छान केलंस, फक्त सराव वाढव." या वाक्यातून विद्यार्थ्याला काहीही मिळत नाही. काय छान? कशाचा सराव? त्याऐवजी: "पेशंटला दुखायची जागा तू आधी विचारलीस आणि शेवटी तपासलीस, ते सोडू नकोस. श्वास आत जाताना तुझा हात हलत होता, तो थांबव. परत एकदा करून दाखव." तीन वाक्यं, त्यातली दोन त्याने केलेल्या कृतीबद्दल, त्याच्या स्वभावाबद्दल एकही नाही. आणि शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. फीडबॅकनंतर लगेच परत करायला दिलं नाही तर तो नुसता शेरा ठरतो.

डेव्हिड पेंडल्टन आणि सहकाऱ्यांनी 1984 साली घालून दिलेला क्रम आजही चालतो: काय चांगलं झालं ते आधी विद्यार्थी सांगेल, मग तुम्ही, काय वेगळं करता येईल तेही आधी विद्यार्थी, मग तुम्ही. हा क्रम फार काटेकोर पाळला तर बेगडी वाटू लागतो. पण "तुला स्वतःला काय वाटलं?" हा पहिला प्रश्न मात्र कधीच सोडू नका. निम्म्या वेळा तो त्याच्या चुका तुमच्याआधी सांगतो आणि तुमचं काम उरतं फक्त "कसं सुधारशील?" एवढं विचारण्याचं. दोन कौतुकांच्या मध्ये टीका दडवायची युक्ती मला स्वतःला आवडत नाही. विद्यार्थी पहिलं कौतुक ऐकतच नाही, तो "पण"ची वाट बघत असतो.

एका वेळी दोनच दुरुस्त्या. बारा दिसल्या तरी दोनच. पेशंटसमोर अपमान तर कधीच नाही. त्यात पेशंटही घाबरतो, आणि तो विद्यार्थी पुढच्या वेळी तुमच्यासमोर तपासायला येतच नाही. मग तुम्ही बघणार काय?

6. हिस्ट्री घेणंही बघा

हिस्ट्री ही विद्यार्थ्याने एकट्याने घेऊन यायची आणि आपण ऐकायची, अशी प्रथा आहे. म्हणजे जे कौशल्य सर्वांत उपयोगाचं तेच कुणी डोळ्यांनी बघत नाही. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ओपीडीतल्या 80 नव्या पेशंटपैकी 66 जणांचं अंतिम निदान पाठवणीची चिठ्ठी आणि हिस्ट्री एवढ्यावरच झालेलं होतं. शारीरिक तपासणीने 7 जणांचं निदान बदललं, लॅबच्या रिपोर्टांनी आणखी 7 जणांचं. तपासणी शिकवू नका असा याचा अर्थ नाही, पण वेळेची वाटणी करताना हे आकडे डोळ्यांसमोर असू द्या.

बघायचं काय? पहिला प्रश्न मोकळा होता का, आणि त्यानंतर विद्यार्थी किती वेळ गप्प बसला. 1984 साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंट संवादांच्या टेप ऐकून मोजलं, तर पेशंटला सरासरी 18 सेकंदांत अडवलं जात होतं. विद्यार्थी याहून लवकर अडवतो, कारण त्याच्या हातात प्रश्नांची यादी असते. घड्याळ लावा. सुरुवातीला पेशंटला न अडवता बोलू द्यायचं, एवढाच एक व्यायाम एका सत्रात करा. विद्यार्थ्यांना वाटतं पेशंट तासभर बोलत राहील. तो बहुधा दोन मिनिटांत आपणच थांबतो, आणि यादीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तोवर येऊन गेलेली असतात.

वाईट बातमी सांगणं, चिडलेल्या नातेवाइकांशी बोलणं, संमती घेणं, हे आधी खऱ्या पेशंटवर शिकवू नका. त्यासाठी पेशंटची भूमिका करणारी प्रशिक्षित माणसं असतात. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 साली न्यूरॉलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत सुरू केली. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर एखादा सहकारी किंवा इंटर्न भूमिका करू शकतो. मात्र त्याला लेखी पात्र द्या: काय माहीत आहे, कशाची भीती वाटते, कोणत्या प्रश्नाला रडू येतं. नाहीतर तो विनोदी नाटक करत सुटतो.

7. सुया, टाके आणि नळ्या

प्रोसीजरची पहिली वेळ मॉडेलवरच. रक्त काढणं मॉडेलच्या हातावर इतकं झालेलं असावं, की टूर्निकेट, सुईचा कोन, ट्यूब बदलणं आणि शेवटी सुई काढण्याआधी टूर्निकेट सोडणं यासाठी विचार करावा लागू नये. मग खऱ्या पेशंटपाशी त्याचं लक्ष पेशंटकडे राहू शकतं. सुईला टोपण परत लावायचं नाही आणि शार्प्सचा (वापरलेल्या सुया टाकायचा) डबा हाताच्या अंतरावर ठेवूनच सुरुवात करायची, हे दोन नियम मॉडेलवरही मोडू देऊ नका. सवय तिथेच लागते.

खऱ्या पेशंटवर जाण्याआधी विद्यार्थ्याशी दोन गोष्टी ठरवून घ्या. एक, प्रयत्न दोनच. दुसरी, परवलीचं वाक्य: तुम्ही "जरा मी बघतो" म्हटलं की त्याने काहीही न बोलता जागा द्यायची. पेशंटसमोर "अरे, तिकडे नको!" असं ओरडावं लागत नाही. आणि हा विद्यार्थी आहे, माझ्या देखरेखीखाली करतोय, हे पेशंटला खरं सांगा. "छोटे डॉक्टर" वगैरे गुळगुळीत बोलू नका.

सराव एका दमात उरकण्यापेक्षा विभागून द्या. 2006 साली टोरांटोतल्या सर्जन-संशोधकांनी बारीक रक्तवाहिन्या जोडायचं तेच प्रशिक्षण एका गटाला एका दिवसात चार सत्रांत आणि दुसऱ्या गटाला आठवड्याला एक सत्र असं दिलं. महिनाभराने तपासलं तेव्हा आठवड्याने शिकलेल्यांचे हात सरस निघाले. टाइमटेबल बनवणाऱ्यांना एक अख्खा "स्किल्स डे" सोयीचा पडतो. तुमचं चालत असेल तर तोच वेळ चार आठवड्यांत वाटून मागा. सीपीआरचं तर कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागतं, म्हणून वॉर्डातल्या कोपऱ्यात मॅनिकिनचं एक धड ठेवून द्या आणि येता-जाता दोन मिनिटं दाबायला लावा: मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर.

8. ओपीडी तुंबलेली असताना

रोज निवांत बेडसाइड क्लिनिक मिळत नाही. बाहेर रांग असताना 1992 साली मांडलेली "वन मिनिट प्रिसेप्टर" पद्धत कामी येते. विद्यार्थ्याने केस सांगितली की आधी त्याला मत मांडायला लावा: "तुला काय वाटतं, काय झालंय?" मग, "कशावरून?" मग त्या केसपुरता एकच नियम शिकवा. काय बरोबर केलं ते सांगा. काय चुकलं ते सांगा. बस. यातला पहिला प्रश्न विचारल्यावर उत्तर यायच्या आत स्वतःच निदान सांगून टाकण्याचा मोह टाळलात तर पद्धत जमली.

सोबत दिवसाला एका तरी विद्यार्थ्याचं एक तरी काम पुरतं बघायचं असं ठरवा. पंधरा-वीस मिनिटं बघून लगेच फीडबॅक देण्याची मिनी-सीईएक्स (Mini-CEX) ही रीत 1995 साली नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी रेसिडेंट डॉक्टरांसाठी आणली. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही ती चालते. फॉर्म भरायचा कंटाळा आला तर फॉर्म सोडा, बघणं सोडू नका.

9. परीक्षा

ओस्की (OSCE), म्हणजे एकेका स्टेशनवर ठरावीक वेळात कौशल्य करून दाखवायची परीक्षा, 1975 साली रोनाल्ड हार्डेन यांनी डंडीमध्ये सुरू केली, आणि सगळ्यांना एकच प्रश्न, एकच वेळ, एकच मोजपट्टी मिळाल्यामुळे ती न्याय्य आहे. तिचा एक दुर्गुण मात्र ओळखून असा. विद्यार्थी तपासायला नव्हे, खुणा मिळवायला शिकतात. "मी आता हात धुतो", "मी आता परवानगी घेतो" असं पोपटासारखं म्हणत जातात. पेशंट "हो" म्हणाला की "नको", हे ऐकतही नाहीत. म्हणून चेकलिस्टसोबत परीक्षकाचा एकंदर शेरा ठेवा, आणि शेवटी एक प्रश्न घाला: "तुला काय सापडलं, आणि त्याचा अर्थ काय?" वर्गातही स्टेशनच्या वेळेत बसेल अशी घोकंपट्टी करून घेऊ नका. परीक्षेच्या आठवड्यात एक सराव ओस्की पुरते.

10. मागे पडलेला विद्यार्थी

प्रत्येक बॅचमध्ये एखादा कायम मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड असतो. त्याचे फाइंडिंग नेहमी शेजाऱ्यासारखेच निघतात. त्याला बॅचसमोर पकडू नका. नंतर एकट्याला बोलवा आणि एखाद्या नॉर्मल माणसावर तपासायला लावून शांतपणे बघा. अडचण कुठे आहे ते शोधायचंय. हात लावायचाच संकोच आहे? मुलींना पुरुष पेशंटचा, मुलांना स्त्री पेशंटचा संकोच असतो आणि तो बोलून दाखवला जात नाही. अॅनाटमी कच्ची आहे, म्हणजे स्टर्नल अँगलपासून बरगड्या मोजताच येत नाहीत? पेशंटची भाषा येत नाही? कानाला कमी ऐकू येतं? की सगळं येतं, फक्त कुणी बघत असलं की हात थरथरतो?

प्रत्येकाचा इलाज वेगळा. बरगड्या मोजता न येणाऱ्याला पेनाने स्वतःच्या छातीवर खुणा करायला लावा. थरथरणाऱ्याला आधी एका मित्रासमोर, मग दोघांसमोर, मग तुमच्यासमोर करू द्या. कमी ऐकू येणाऱ्याला आवाज मोठा करणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथो सुचवा आणि कानाच्या डॉक्टरकडे पाठवा. काय ठरलं ते दोन ओळींत लिहून ठेवा आणि पंधरवड्याने परत त्याच कौशल्यावर बघा. हे सगळं पोस्टिंगच्या दुसऱ्या आठवड्यात व्हायला हवं. शेवटच्या आठवड्यात लॉगबुकवर सही मागायला तो येतो तेव्हा हाताशी ना वेळ असतो ना पेशंट. अशा वेळी न बघितलेल्या कौशल्यासमोर सही करू नका. रकाना रिकामा सोडा आणि त्याच्या पुढच्या युनिटच्या शिक्षकांना कळवा, की हे एवढं बघायचं राहिलंय.